चिमूट

टंगमर्गला आमची गाडी थांबली आणि ड्रायव्हर चाकांना लोखंडी साखळ्या चढवायला खाली उतरला. तिथून गुलमर्ग १३ किलोमीटर, सगळी चढण. बर्फ पडलेला असला की त्या घाटात साखळीशिवाय गाडी पुढे काढता येत नाही. हातमोजे काढून, गोठलेल्या चिखलात उकिडवा बसून तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत साखळीचा आकडा धरून कडीत अडकवत होता. मी काचेतून नुसती बघत होते. त्या प्रवासात आम्ही पुष्कळ पाहिलं, पण आज तो घाट आठवला की आधी ते हात डोळ्यांसमोर येतात.

मी येवल्याची. शाळेत मराठी शिकवते. वयाची ४७ वर्षं बर्फ फक्त चित्रात पाहिलेला. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीने गुलमर्गच्या चौदा दिवसांच्या स्कीइंगच्या वर्गात नाव घातलं आणि मला म्हणाली, “मावशी, तूही चल. खालच्या उतारावर कुणीही शिकतं.” घरात थोडी चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, “जा गं, गुडघे धड आहेत तोवर जाऊन ये.” म्हणजे काळजी सगळ्यांना गुडघ्यांची होती, आणि ती रास्तच होती. स्कीइंगच्या दुखापतींत गुडघा पहिला. त्याच्या खालोखाल नंबर लागतो तो हाताच्या अंगठ्याचा, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुलमर्ग साधारण २६५० मीटर उंचीवर आहे. भोवती फर आणि पाइनची दाट जंगलं आणि मधोमध बशीसारखं पसरलेलं कुरण. उन्हाळ्यात तिथे फुलं असतात, त्यावरूनच गावाला नाव पडलं. थंडीत ती बशी काठोकाठ भरते. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली इथे स्की क्लब ऑफ इंडिया सुरू केला, आज हे भारतातल्या स्कीइंगचं मुख्य ठिकाण आहे. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. त्या दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटरवर पोचता येतं आणि आभाळ स्वच्छ असेल तर दूरवर नंगा पर्बत दिसतो. आम्हाला तो पहिल्याच दिवशी दिसला. पांढऱ्यामागे पांढरं, त्यामागे आणखी एक पांढरं, आणि ते शेवटचं पांढरं म्हणजे ८१२६ मीटरचा डोंगर, हे भाचीने बोट धरून दाखवल्यावर मला कळलं.

शिकणं मात्र खालीच, बशीच्या कडेच्या मऊ उतारावर. स्कीचे बूट म्हणजे घोट्यात न वाकणारं प्लास्टिकचं चिलखत. ते घालून पहिला अर्धा दिवस नुसतं चालायला शिकण्यात गेला. मग पाय फाकवून, कडा बर्फात रोवत, माशाच्या काट्यासारखे ठसे उमटवत चढायचं. वर गेलं की स्कींची टोकं जवळ आणि टाचा लांब करून, नांगरासारखा आकार करून, हळूहळू उतरायचं. आमचे उस्ताद पन्नाशीचे, कमी बोलणारे. “घुटने मोड़िए, हाथ आगे,” एवढंच दिवसभर. पहिल्याच सकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. स्वतः मुद्दाम पडून, दोन्ही हातांतल्या काठ्या भिरकावून दाखवत ते म्हणाले होते, “गिरते वक़्त डंडा छोड़ दीजिए.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

चौथ्या दिवशी मला पहिल्यांदा उतार उमगला. म्हणजे वजन खालच्या पायावर टाकलं की वळण आपसूक येतं, हे डोक्याआधी पायाला कळलं. त्या क्षणी कानांत फक्त बर्फाची सरसर होती. लहानपणी शेतावर पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसल्यावर जसं वाटायचं तसं काहीतरी आत मोकळं झालं. मी उतरून पुन्हा चढले, पुन्हा उतरले. दुपारच्या जेवणाची हाक आली तेव्हा भाचीला मला ओढून न्यावं लागलं. पुढे जे झालं त्यानंतरही त्या दिवसाचं मोल माझ्या लेखी कमी झालेलं नाही.

सहाव्या दिवशी पडले. मोठा उतार नव्हता, वेगही नव्हता. संपत आलेली वाट, आदल्या रात्री गोठून कडक झालेला बर्फाचा पट्टा, एक स्की अडकली आणि मी उजव्या हातावर गेले. काठीचा पट्टा मनगटात होता, मूठ घट्ट होती. तळहात बर्फावर टेकला आणि अंगठा व तर्जनीच्या मधल्या बेचक्यात काठीचा दांडा आडवा राहिला. सगळं वजन त्या दांड्यावर येऊन अंगठा बाहेरच्या बाजूला फाकला. बारीकसं ‘टक’ झालं, आवाजापेक्षा जाणीव जास्त. मी उठले, बर्फ झटकला आणि उस्तादांना हात वर करून ‘ठीक आहे’ असं दाखवलं.

काठी का सोडली नाही, याचा मी नंतर फार विचार केला. पडताना हाताला एकच गोष्ट येते, ती म्हणजे धरणं. विहिरीचा दोर, बसची दांडी, पोराचं मनगट. आपण जन्मभर धरायलाच शिकलेलो असतो. सोडणं हे कानाने ऐकून येत नाही, ते अंगात मुरवावं लागतं. पहिल्या दिवशी आम्हाला ते सांगितलं गेलं. पण आम्ही दहा-वीस वेळा पडून, काठी सोडून त्याचा सराव केला नाही. तो करायला हवा होता, हे माझं ठाम मत आहे.

तिथल्या एका प्रथमोपचाराच्या ठिकाणी कुणीतरी अंगठा वरवर पाहिला, ‘मुका मार’ म्हणून स्प्रे मारला आणि पट्टी गुंडाळून दिली. मलाही तेच ऐकायचं होतं. थंडीमुळे सूज बेताचीच होती. मी आणखी दीड दिवस स्कीइंग केलं. मात्र संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडायला गेले तर किल्ली चिमटीत धरता येत होती, पण फिरवता येत नव्हती. जोर लावला की अंगठा बुडातून बाहेर सरकायचा, जणू बिजागरीचा खिळा निघालाय. वेदनेपेक्षा त्या सैलपणाची मला जास्त भीती वाटली. पाण्याच्या बाटलीचं झाकण, जाकिटाची चेन, केसांची वेणी, सगळ्याला भाची लागायला लागली. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “मावशी, आता हट्ट नको. श्रीनगरला जाऊ.”

त्याच ड्रायव्हरने खाली नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला, कारण कधीकधी अस्थिबंध तुटताना हाडाचा कपचा सोबत घेऊन येतो, आणि ते न बघता अंगठा वाकवून पाहणं बरं नव्हे. कपचा निघालेला नव्हता. मग त्यांनी माझा अंगठा किंचित वाकवून, एका हाताने बूड स्थिर धरून, दुसऱ्या हाताने अगदी सावकाश बाहेर ढकलला. आधी डावा, मग उजवा. उजवा जास्त उघडत होता, पण शेवटी कुठेतरी अडत होता. “अडतोय हे चांगलं आहे,” ते म्हणाले. अर्धवट तुटलंय, पूर्ण नाही.

त्यांनी जे शांतपणे समजावून सांगितलं ते मला इथे नीट लिहायचं आहे. अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याला आतून, तर्जनीच्या बाजूने, एक आखूड पण भक्कम अस्थिबंध असतो. आपण चिमटीत काही दाबून धरतो तेव्हा अंगठा बाहेर कोलमडू नये म्हणून तोच रेटा सोसतो. स्कॉटलंडमध्ये शिकारीच्या रानांचे राखणदार सशांच्या माना हातांनी मोडत. वर्षानुवर्षं तोच ताण पडून त्यांचा हा बंध सैल होई. कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी १९५५ मध्ये त्याची नोंद केली. पुढे बर्फावरच्या लोकांमध्ये तीच जागा एका फटक्यात तुटताना दिसू लागली आणि तिला स्कीअरचा अंगठा असं नाव पडलं. १९६२ मध्ये स्वीडनच्या स्टेनर या शल्यचिकित्सकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. या बंधावरून स्नायूचा एक पातळ पडदा जातो. बंध पूर्ण तुटला तर त्याचं तुटलेलं टोक कधीकधी त्या पडद्याखालून निसटतं आणि पडद्याच्या वर येऊन बसतं. साडीच्या पदराखाली खोचलेलं टोक पदरावर यावं, तसं. मग मधे पडदा आल्याने ते आपल्या मूळ जागी चिकटूच शकत नाही. कितीही दिवस प्लास्टर ठेवा, शस्त्रक्रियेशिवाय ते जुळत नाही.

म्हणून त्यांनी सोनोग्राफीही करायला लावली. माझं टोक पडद्याखालीच होतं. सहा आठवडे प्लास्टर, अंगठा पूर्ण बंद, मनगटही त्यात, बोटं मोकळी. “कोणी ओढून बसवून देतो म्हणालं, तेल लावून चोळून देतो म्हणालं, तर हात देऊ नका,” असं त्यांनी दोनदा बजावलं. अर्धवट तुटलेलं अशाने पूर्ण तुटतं.

भाचीचा वर्ग संपायला अजून पाच दिवस होते. बर्फावर माझं काही काम नव्हतं आणि हॉटेलच्या खोलीत एका हाताने दिवस कंठायची कल्पना नकोशी होती. ड्रायव्हरने गाडी चालवता चालवता सहज विचारावं तसं विचारलं, “हमारे घर चलेंगी? माँ अकेली होती है दिन भर.” टंगमर्गच्या खालच्या अंगाला त्यांचं लाकूड-विटांचं घर होतं. आईला तो ‘मोज’ म्हणायचा. काश्मिरीत मोज म्हणजे आई. माझ्या मराठी कानाला तो शब्द दर वेळी ‘मौज’ असाच ऐकू यायचा आणि मला आतून बरं वाटायचं.

मोजना हिंदी तुटपुंजं येत होतं, मला काश्मिरी मुळीच नाही. चिल्लई कलानचे चाळीस दिवस सरले होते, चिल्लई खुर्द चालू होता, म्हणजे थंडीचा कणा मोडला होता पण थंडी गेली नव्हती. त्यांनी मला आपला एक जुना फेरन, म्हणजे लांब सैल अंगरखा, घातला. माझा प्लास्टरचा हात कुठल्याच स्वेटरमध्ये जात नव्हता. फेरनच्या त्या ऐसपैस बाहीतून तो विनासायास गेला. डाव्या हातात आतून कांगडी दिली. वेताच्या टोपलीतलं मातीचं भांडं, त्यात निखारे. ती फेरनच्या आत पोटाशी धरून बसायचं. सकाळी कांदुरच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, भट्टीतले गरम गिरदे यायचे आणि समोवारमधला गुलाबी, मिठाचा नून चाय. रोटी एका हाताने मोडत नाही. भाकरी असो की गिरदा, एक हात धरतो आणि दुसऱ्याचा अंगठा तोडतो. पहिल्या सकाळी मी ताटाकडे बघत बसले तेव्हा मोज काही न बोलता शेजारी सरकल्या, त्यांनी माझ्या गिरद्याचे चार तुकडे केले आणि परत आपल्या जागी गेल्या. पाचही दिवस माझ्या ताटात गिरदा मोडूनच आला.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर मला आपल्या बहिणीच्या घरी, कनिहामाला घेऊन गेला. श्रीनगर-गुलमर्ग रस्त्याजवळचं हे गाव कानी शालींसाठी प्रसिद्ध आहे. बहिणीचा नवरा मागावर बसला होता. रांगेने लावलेल्या लाकडाच्या शेकडो बारीक काड्या, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा धागा. त्या काडीला तुजी म्हणतात. समोर एक कागद, त्यावर सांकेतिक खुणा. त्याला तालीम म्हणतात. किती ताणे सोडायचे, कुठला रंग घालायचा, हे तालीम सांगते आणि विणकर त्याप्रमाणे तुजी चिमटीत धरून ताण्यांमधून काढतो, शेजारच्या रंगात अडकवतो, खाली सोडतो, पुढची उचलतो. दिवसभरात इंच-दोन इंच कापड होतं.

मी तिथे तासभर हलले नाही. कारण हे मी जन्मापासून पाहत आले आहे. येवल्यात आमच्या गल्लीत पैठणीचे माग आहेत. काठपदरावरचा मोर आणि मुनिया अशाच विणल्या जातात. शटल आरपार जात नाही, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, आणि शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवत पुढे जायचं. मी मोबाइलवर पैठणीचा पदर दाखवला. त्यांनी चित्र दोन बोटांनी मोठं केलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “इसमें भी सलाई अलग-अलग?” मी हो म्हटलं. मग त्यांची नजर माझ्या प्लास्टरवर गेली. आपला उजवा अंगठा वर करून ते म्हणाले, “हमारा तो यही है, मैडम.” पुढे त्यांना काही सांगायची गरज नव्हती. हाताच्या एकूण कामात अंगठ्याचा वाटा सुमारे ४० टक्के, असं डॉक्टर मानतात. कनिहामा आणि येवला या दोन गावांत तो आकडा फारच कमी वाटतो.

टंगमर्गहून निघताना मोजनी फेरन परत घेतला नाही.

घरी आल्यावर खरा काळ सुरू झाला. प्रवासात निदान नवी माणसं असतात. घरात आपली रोजची कामं एकेक करून समोर येऊन उभी राहतात. पहिल्याच सोमवारी शाळेत जायला साडी नेसायला घेतली आणि निऱ्या घालता येईनात. निरी म्हणजे अंगठा आणि तर्जनी, दुसरं काही नाही. सासूबाई दारातून बघत होत्या. आत आल्या, म्हणाल्या, “सोड, मी घालते.” “आई, तुम्ही कशाला वाकताय?” म्हटलं तर उत्तर न देता त्यांनी सात निऱ्या घातल्या, टोकं जुळवली आणि माझ्या कमरेला खोचल्या. लग्नाच्या दिवशी मावशीने नेसवली होती, त्यानंतर थेट आता. सहा आठवडे हे रोज चाललं. आमच्यात एरवी कामापुरतं बोलणं असे. त्या दहा मिनिटांत त्या मला आपल्या माहेरचं, मेलेल्या भावाचं, कधी न ऐकलेलं सांगू लागल्या.

फळ्यावर लिहिणं डाव्या हाताने जमेना. मुलांपैकी एकेक जण येऊन लिहायचं. दारची रांगोळी बंद होती. मीठ चमच्याने घालत होते आणि कुठल्याच भाजीला नेमकी चव येत नव्हती, कारण माझं माप चिमटीत होतं, चमच्यात नव्हतं.

प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा ओळखू आला नाही. बारीक, कोरडा, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सुटलेली, आणि ताठ. बंध जुळला होता. पण जुळलेला अंगठा आणि काम करणारा अंगठा यांत आणखी दीड-दोन महिन्यांचं अंतर असतं, हे आधी कुणी स्पष्ट सांगितलं तर रुग्णाला पुष्कळ सोपं जाईल. नाशिकच्या फिजिओथेरपिस्टनी चिमटीचा जोर मोजायचं छोटं यंत्र दिलं. डावी साडेसहा किलो, उजवी दोन. त्यांनी आधी नुसतं वाकवणं-सरळ करणं दिलं, दिवसातून पाच वेळा, दुखेल तिथे थांबायचं. कामाच्या वेळी आणि रात्री काढता-घालता येणारी पट्टी. दोन आठवड्यांनी मऊ पुटीचा गोळा दाबायचा, मग ताटातून नाणी उचलायची, मग कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे. किल्ली, पाना, बरणीचं झाकण, म्हणजे चिमटीत धरून पिळायचं काहीही, तीन महिने पूर्ण होईपर्यंत मना. मी एकदा लोणच्याची बरणी उघडायला गेले आणि दोन दिवस सूज आली. त्यानंतर नियम मोडला नाही.

पाडव्याला मी दारात पाट टाकून बसले. रांगोळीची चिमूट भरली. आधी दाणे मधेच सांडत होते, रेघ जाड-बारीक येत होती. चार ठिपक्यांचं साधं कमळ काढलं, त्याला पाऊण तास लागला. गुढी उभारून झाल्यावर मी त्या कमळाचा फोटो काढून भाचीला आणि टंगमर्गच्या ड्रायव्हरला पाठवला. संध्याकाळी त्याचा निरोप आला की मोजनी तो दोनदा बघितला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा निऱ्या माझ्या मी घातल्या. सासूबाई त्या वेळेला सवयीने खोलीत आल्या आणि पलंगावर बसून बोलत राहिल्या. अजून येतात.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा गुलमर्गला गेले. जोर तोवर सहा किलोपर्यंत आला होता, डॉक्टरांनी परवानगी दिली होती. उस्ताद तेच होते. मी त्यांना म्हटलं, आधी मला पडायला शिकवा. पहिली सकाळ आम्ही तेवढंच केलं. मनगटातले पट्टे काढून टाकले, सपाट बर्फावर उभी राहून मी बाजूला कलायचे, मूठ उघडायचे, मग पडायचे. पंचवीस-तीस वेळा. शेजारच्या तुकडीतली पोरं आधी बघत राहिली, मग तीही करू लागली. चौथ्या दिवशी उतारावर खरोखर पडले. काठी हातातून सुटली आणि दहा-बारा मीटर खाली घसरत गेली. एका मुलाने ती आणून दिली.

तुम्ही किंवा तुमची मुलं बर्फावर जाणार असाल तर पट्टा मनगटात अडकवू नका, आणि काठी सोडून पडण्याचा सराव पहिल्याच दिवशी, सपाटीवर करा. पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी आतून दुखत असेल किंवा किल्ली फिरत नसेल तर कुणालाही तो ओढू-चोळू देऊ नका आणि आठवडा उलटायच्या आत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.